नाव मागेच राहिले

केव्हिन कार्टरने १९९३ साली सुदानमध्ये टिपलेले छायाचित्र मी वर्गात दाखवतो. भुकेने वाकलेले मूल, मागे टपलेले गिधाड. १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जग त्या मुलाला मुलगी समजत राहिले. २०११ साली कळले, तो मुलगा होता. चित्र जगभर फिरले, नाव मागेच राहिले.

लुइस हाईनने १९०८ पासून अमेरिकेतील कारखान्यांत राबणारी मुले टिपली. शक्य तिथे नाव, वय, मजुरीही लिहून घेतली. म्हणून ती चित्रे पुरावा ठरली.

नकळत टिपले म्हणजे खरे, हे मला मान्य नाही. आमच्या वस्तीतही कॅमेरे येतात; पोरांचे उघडे अंग नेतात, नाव नेत नाहीत. आम्हाला कीव नको. आधी नाव विचारा, मग चित्र काढा.