अंबाड्याची चव

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला रानअंबाडा पाहावा. राखी सालीचं उंच झाड पानं टाकून मोकळं झालेलं असतं आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या, बारीक फुलांचे तुरे आलेले असतात. पालवी मागाहून येते.

हा आंब्या-काजूचा भाऊबंद. खरी खूण पानात आहे. एक पर्णिका उजेडासमोर धरा. मधल्या शिरेपासून निघालेल्या आडव्या शिरा कडेशी विरून जात नाहीत. तिथे एक सलग शीर आहे, तिला त्या जाऊन मिळतात. साडीला काठ असावा तशी ती शीर पानाला बांधून ठेवते. गळलेलं पान चुरगाळलं तर थेट कैरीचा वास येतो.

फळाची चव मात्र कैरीची नव्हे. कैरी एकदम आंबट लागते. अंबाडा आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी घशाशी राळेसारखा उग्र गंध ठेवून जातो. नुसता खाल्ला तर दात आंबतात. गूळ आणि मोहरी भेटल्याशिवाय तो खुलत नाही, म्हणून गोव्या-कोकणातलं अंबाड्याचं सासव मला या फळाचं सर्वोत्तम रूप वाटतं. उकडून जरासे ठेचलेले अंबाडे, ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, भरपूर गूळ आणि कच्चीच वाटलेली मोहरी. मोहरीची झणझण नाकात चढते, गूळ तिला आवरतो. पण गर थोडा आणि बाठा मोठा, धाग्याधाग्यांचा. रस त्या धाग्यांत मुरलेला. तो बाठा बोटांत धरून चोखायचा, चमच्याने खाणाऱ्याचं हे काम नाही. लोणच्याला मात्र बाठा न धरलेला कोवळाच हवा. अनेक भाज्यांच्या खतखत्यातही अंबाडा लागतो, आणि गोव्यात चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीत तो मानाने टांगलेला असतो.

हिवाळ्यात पिकून खाली पडलेल्या फळांवर चितळ-सांबरांचा हक्क आहे. उद्यानातून फळ काय, पानही तोडून आणू नये. गणपतीच्या दिवसांत बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे अंबाडे मागा. मागणी असली तर त्या आणतील. आणि सोसायटीच्या कुंपणाशी जागा असेल तर पावसाच्या तोंडावर अंबाड्याची जाडसर फांदी रोवा. ती सहज मूळ धरते.