ओपनबीएसडी : सुरक्षिततेची बलस्थाने आणि ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने मर्यादा

प्रस्तावना : विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक अपात्र ठरतात. अशा वेळी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, पाथर्डी, जामखेड यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांना ओपनबीएसडी ही मोफत, हलकी आणि मुक्त स्रोत कार्यप्रणाली कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

बलस्थाने : थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून विभक्त होऊन हा प्रकल्प सुरू केला. तिच्या मूळ मांडणीत बहुतेक सेवा बंद असतात; जे चालूच नाही, त्यावर हल्ला संभवत नाही. 'प्लेज' (२०१६) ही सुविधा आज्ञावलीला जाहीर केलेल्या कामापलीकडे जाऊ देत नाही, तर 'अनव्हेल' (२०१८) तिला मोजक्याच फायली दिसू देते. जगभरातील सर्व्हरांवर वापरले जाणारे ओपनएसएसएच १९९९ मध्ये याच प्रकल्पातून निर्माण झाले.

मर्यादा : मूळ मांडणीत दीर्घ काळात दूरस्थ हल्ल्यास वाव देणाऱ्या केवळ दोन त्रुटी आढळल्या, असा प्रकल्पाचा दावा आहे. तो खरा असला तरी बाहेरून बसवलेल्या आज्ञावलींना लागू होत नाही. आणि प्रयोगशाळेचे काम तर त्यांवरच चालते. वाणिज्य शाखेला लागणारी टॅली विंडोजवर अवलंबून आहे. ओपनबीएसडीच्या फाइल-व्यवस्थेत जर्नलिंग नाही. त्यामुळे वीज अचानक गेल्यास पुढील वेळी संगणक सुरू होताना डिस्कची तपासणी करावी लागते. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी हा दोष गौण म्हणता येणार नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि केवळ शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच आधार मिळतो. जाणकार तंत्रसहायक नसल्यास अद्ययावतीकरण राहून जाते व सुरक्षितता नाममात्र उरते.

निष्कर्ष : कार्यप्रणालीची सुरक्षितता ही तिची देखभाल करणाऱ्या व्यक्तीपासून वेगळी काढता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी सी-डॅकची भारतीय भाषांना अनुकूल 'बॉस' किंवा डेबियन अधिक सोयीची ठरेल. ओपनबीएसडीचे योग्य स्थान प्रयोगशाळेच्या प्रवेशद्वारी आहे. यूपीएसला जोडलेल्या एका जुन्या संगणकावर तिची 'पीएफ' ही फायरवॉल चालवल्यास बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवर नियंत्रण राहते आणि विद्यार्थ्यांना सुरक्षिततेचा प्रत्यक्ष पाठही मिळतो.