प्रादेशिक संग्रहालय : वस्तू आणि तिची पांढर

संग्रहालयाची थोरवी तेथील वस्तूंच्या संख्येवरून अथवा दुर्मिळतेवरून ठरविण्याची रूढी आपल्याकडे दृढमूल झालेली आहे. महानगरातील मोठ्या संग्रहालयांना ही कसोटी काही अंशी लागू पडेलही. परंतु प्रादेशिक संग्रहालयाची कसोटी निराळी आहे. एखादी वस्तू ज्या भूमीतून वर आली त्या भूमीविषयी ती काय सांगू शकते, आणि तिला ते सांगू दिले जाते काय, हाच येथे मुख्य प्रश्न होय. पुणे, कोल्हापूर व तेर येथील तीन संग्रहांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे एका व्यक्तीच्या ध्यासाचे फळ आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमविल्या, अकाली निवर्तलेल्या पुत्राचे नाव त्या संग्रहास दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजचिन्हे व देवमूर्ती यांपलीकडे स्वयंपाकघर आणि माजघर यांनाही इतिहास असतो, हे या संग्रहाने ठसविले. अडकित्त्याचे प्रयोजन त्याच्या घडणीतच दिसते. त्यासाठी उत्खननाची साक्ष लागत नाही. तथापि तो कोणत्या भागातला, कोणत्या कारागिराच्या हातचा, कोणत्या घरचा, हे घडणीवरून पुरतेपणी उमगत नाही. वस्तू वाड्यातून बाजारात आली की तिच्या घराचे नाव सहसा गळून पडते. पाहणाऱ्याच्या मनात मग कौतुक उरते. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनित केली आणि सातवाहन काळापासून पुढे चालत आलेल्या वस्तीचा क्रम उघड झाला. याच टेकडीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील संग्रहालयाचे भूषण मानली जाते. एकाकी पाहिली तर ती ग्रीक-रोमन कलेचा एक सुबक नमुना ठरेल, आणि तसे नमुने युरोपात विपुल आहेत. ब्रह्मपुरीच्या संदर्भात पाहिली म्हणजे मात्र सागरदेवतेची मूर्ती सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावरील नगरात कशी पोहोचली, असा प्रश्न उभा राहतो. मूर्तीचे महत्त्व या प्रश्नात आहे, केवळ तिच्या सौष्ठवात नाही.

तेर येथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेखिलेले, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे, भडोचकडे कापड धाडणारे ‘तगर’ म्हणजे हेच तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, शंख व हस्तिदंत यांच्या वस्तू चिकाटीने वेचल्या. त्यांतूनच तेरचे संग्रहालय उभे राहिले. या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य सुविदित आहे. परंतु वेचून मिळालेल्या वस्तूस स्तर नसतो. तिचा काळ साम्यावरूनच अनुमानावा लागतो. भोकरदन येथे याच घडणीची खंडित मूर्ती उत्खननात हाती आली, तेव्हा तेरच्या मूर्तीसही अप्रत्यक्ष आधार लाभला. एका गावच्या खणत्याने दुसऱ्या गावच्या वेचणाऱ्याची बाजू सावरली, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून संग्राहकास दोष देणे अन्यायाचे होईल. लामतुरे यांनी उचलले नसते तर पावसाने उघडे पाडलेले हे धन नांगराखाली अथवा व्यापाऱ्याच्या हाती गेले असते. स्तर गमावलेली वस्तू आणि मुळीच न उरलेली वस्तू यांत निवड करावयाची झाल्यास अभ्यासक पहिलीच पत्करील. मात्र या ऋणाची फेड कौतुकाने होत नाही. वस्तू कोणत्या शेतात, कोणत्या उंचवट्यावर, कशाच्या सोबत मिळाली, याविषयी गावात जी स्मृती उरली असेल ती नोंदवून घेणे हीच खरी फेड होय. आणि स्मृती हस्तिदंताहून फार लवकर झिजते.

तेरच्या संग्रहालयास एक भाग्य लाभलेले आहे. तेथून बाहेर पडताच त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर पाहता येते, आणि गोरोबाकाकांचे गाव म्हणून कुंभाराच्या मातीची आठवण वारकऱ्यांनी आजही जागती ठेवली आहे. सातवाहनकालीन मृण्मूर्ती आणि संत कुंभार यांच्यात थेट परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल. पण दोघांची माती एकाच शिवारातली आहे, हे पाहणाऱ्यास कळावयास हवे. ते कळेल अशी मांडणी झाली तर लहान गावचे संग्रहालय मोठ्या शहराच्या संग्रहालयास जे देता येत नाही ते देईल. एरवी तेथे उरतील त्या केवळ कपाटातील वस्तू, आणि त्या कोठेही ठेवता येतात.