नवीन पोपट आणि दुहेरी माप

अमेरिकेतील 'निर्वाणा' या रॉक बँडचे नाव छातीवर मिरवणारी मुले सावंगी (मेघे)च्या मेडिकल कॉलेज परिसरातही दिसतात. निर्वाण हा शब्द आपल्या वस्तीत 6 डिसेंबरशी बांधलेला. त्या मुलांना तो बँडचे नाव म्हणून ठाऊक. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अभिरुचीच्या दुहेरी मापाबद्दल.

या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका 'ब्लीच' 1989 साली अवघ्या सहाशे डॉलरच्या आसपास खर्चात तयार झाली. दुसरी, 'नेव्हरमाइंड', 24 सप्टेंबर 1991 रोजी बड्या कंपनीने काढली आणि जानेवारी 1992 मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले. मुखपृष्ठावर गळाला लावलेल्या डॉलरच्या नोटेमागे पाण्यात झेपावणारे नागडे मूल. बाजाराची थट्टा करणारे हे चित्र बाजारानेच कोट्यवधींनी विकले! गायक कर्ट कोबेन लाकूडतोडीच्या गावातला, मोटार मेकॅनिकचा मुलगा. यशाने झालेली त्याची घालमेल आणि 1994 मधील आत्महत्या यांवर ग्रंथ लिहिले गेले. बाजारात विकले जाणे हा तिथे कलावंताचा नैतिक पेच मानला गेला.

आता आपल्याकडे पाहू. 1980 नंतर कॅसेट स्वस्त झाली, टेपरेकॉर्डर चहाच्या टपरीवर पोचला, आणि कुणाचे गाणे छापायचे हे ठरवण्याची मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली झाली. त्याच दशकात आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा'ने लग्नाचे मांडव, जत्रा, एसटी स्टँड व्यापून टाकले. सदाशिवपेठी अभिरुचीने नाक मुरडले, हे समजू शकते. परंतु आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींनीही तेच माप उचलले. भीमगीते गाणाऱ्या घराण्याने बाजार मांडला, असे म्हटले गेले. कोबेनचा पेच तो नैतिक आणि शिंद्यांचा तो बाजारूपणा, हा न्याय कुठला?

या मुलांचे वडील प्रल्हाद शिंदे. 'पाऊले चालती पंढरीची वाट' ज्या घरांत पहाटे लागते, त्यातल्या किती घरांना त्याच गळ्यातली भीमगीते माहीत आहेत? त्या घरांनी आवाज घेतला, माणूस दाराबाहेर ठेवला. आणि चळवळीने? वामनदादा कर्डकांची गाणी आम्ही तोंडपाठ केली, टाळ्या वाजवल्या. गायकाच्या चुलीची व्यवस्था मात्र लावली नाही. ज्याचा पगार दर महिन्याला बँकेत जमा होतो, त्या माझ्यासारख्या प्राध्यापकाने कलावंताला बाजारात जाऊ नको असे सांगणे सोपे आहे.

म्हणून पोपटाचे गाणे टीकेपलीकडचे ठरत नाही. ढोलकीचा ठेका आणि तो मोकळा, वरच्या पट्टीतला, मैदानी गळा अस्सल आहे. त्याला माइकची गरज नसावी असे वाटते. पण गाणे द्व्यर्थी आहे, आणि या हशात बाई कुठे उभी आहे हा प्रश्न विचारावाच लागेल. तो आपल्या बायाबापड्यांच्या बाजूने विचारावा, सभ्यतेच्या नावाने नव्हे. सभ्यतेच्या नावाने विचारणाऱ्यांनी लावणीही अशीच आधी हिणवली आणि मग नाट्यगृहात नेऊन बसवली.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाचा शेवट निर्वाणाने लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने गाजवलेल्या गाण्याने केला. रॉक ब्लूजमधून आला, ब्लूज गुलामांच्या वंशजांकडून; ते ऋण निदान मंचावर मांडले गेले. आमच्या सुगम संगीताने आणि चित्रपटाने मांग-महारांच्या हलगी-ढोलकीतून, तमाशातून जे उचलले, त्याची नोंद कुठे आहे?

ती आपणच करावी लागेल. कॅसेट गेली, पण ट्रंकेत, माळ्यावर तिचे खोके अजून असतात. विद्यार्थ्यांनी ते फेकू देऊ नयेत. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा असतो. गीतकार, ढोलकीवाला आणि कोरसमधल्या बाया यांची नावे कुठे असलीच तर मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत. आधी ती उतरवून घ्यावीत.