चौकटीतली तिरकी वाट

कृष्णेपलीकडचं जयसिंगपूर इथं बसलेल्या बहुतेकांनी पाहिलेलं असणार. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव. सरळ गल्ल्या, काटकोनातले छेद, गल्लीला नावाऐवजी क्रमांक. नवखा माणूसही चुकत नाही. चौकटीच्या आराखड्याचा हा मोठा गुण आम्ही आधीच मान्य करतो.

पण एकच आकृती कंटाळवाणी होते, म्हणून तीत वर्तुळं, कर्ण, अर्धचंद्र मिसळावेत, असं सुचवलं जातं. आमचा प्रश्न साधा आहे: दुसरी आकृती आली ती कशासाठी?

जयपूर घ्या. 1727 साली वसवलेलं, नऊ चौरसांच्या कल्पनेवर. वायव्येला डोंगर आडवा आला, म्हणून तिथला चौरस आग्नेयेला सरकवला. नियम मोडला, पण जमिनीनं मोडायला लावला. पुढे चार्ल्स कोरियांनी त्याच शहरात जवाहर कला केंद्र उभारताना नऊ चौरस घेतले आणि एक बाजूला वळवला. तिथं डोंगर नव्हता, डोंगराची आठवण होती. त्या वळणातून प्रवेशद्वार साधलं, म्हणून इमारतीत ते शोभतं. शहराला मात्र नुसत्या आठवणीवर वाकडं होणं परवडत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट उलटी. 1811 च्या आराखड्यानं उत्तरेकडचा जुना तिरका रस्ता कागदावरून पुसला होता. लोकांची ये-जा थांबली नाही, आणि तोच आजचा ब्रॉडवे. तो चौकट कापतो तिथं त्रिकोण उरतात. 1902 ची फ्लॅटआयर्न इमारत अशाच त्रिकोणावर उभी आहे, टाइम्स स्क्वेअरही अशाच छेदावर.

आता आपल्याकडे या. शेत बिगरशेती होतं, प्लॉट पडतात, पट्टी ठेवून रेघा मारल्या जातात. मधे पाणंद असते, ओढा असतो. त्या रेघांखाली जातात, आणि प्रवेशाशी एक गोल बाग काढून ‘वैविध्य’ दाखवलं जातं. हे मिश्रण नव्हे, ही रांगोळी झाली. पाऊस आला की ओढा आपली जागा मागतोच.

कुणी म्हणेल, तिरकी वाट ठेवली तर त्रिकोणी तुकडे विकणार कसे? विकू नका. तिथं पार बांधा, एसटीचा थांबा करा. चौकट माणसाला पत्ता देते. तिरकी वाट त्याला शेताकडे, पाण्याकडे, शेजारच्या गावाकडे नेते. दोन्ही लागतात. म्हणून नकाशा समोर आला की आधी विचारा: इथली पाणंद कुठं गेली?