मॅरियनचीं दोन चरित्रें

अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलायना राज्यांत फ्रॅन्सिस मॅरियन हें नांव टाळूं म्हटलें तरी टळत नाहीं. १९३६ सालीं राखून ठेवलेलें सरकारी अरण्य त्याच्या नांवाचें, फ्लॉरेन्स येथील विद्यापीठ त्याच्या नांवाचें, आणि विजेसाठीं सॅन्टी नदी अडवून केलेला विस्तीर्ण जलाशयही त्याच्याच नांवाचा. गंमत अशी कीं, ज्या पॉण्ड ब्लफ नामक मळ्यांत १७९५ सालीं तो वारला, तो मळा याच जलाशयानें गिळला आहे. चरित्रकारांनींही मॅरियनचें कांहींसें असेंच केलें आहे.

१७८० च्या मे महिन्यांत चार्ल्सटन इंग्रजांच्या हातीं पडलें आणि तेथील अमेरिकन फौज कैद झाली. मॅरियन बचावला, तो घोटा मोडल्यामुळें शहराबाहेर होता म्हणून! पुढें त्यानें गांवोगांवच्या शेतकऱ्यांचीं पथकें जमवून सॅन्टी व पीडी या नद्यांच्या कांठच्या दलदलींत आसरा घेतला, शत्रूची रसद तोडली, आणि ऑगस्टमध्यें सुमारें दीडशें अमेरिकन कैदी सोडविले. नोव्हेंबरांत त्याच्या पाठलागावर निघालेला टार्लटन दमून परतला. ‘दलदलीचा कोल्हा’ हें नांव त्या प्रसंगावरून पडलें असें सांगतात. गनिमी कावा हा शब्द ज्यांच्या घरचा आहे, त्या आमच्या वाचकांस यांत अपरिचित असें फारसें कांहीं वाटणार नाहीं.

त्याचें पहिलें चरित्र मेसन वीम्स यानें १८०९ सालीं प्रसिद्ध केलें. वीम्स हा धर्मोपदेशक आणि फिरता पुस्तकविक्या. बाल वॉशिंग्टननें चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालविल्याची गोष्ट प्रचारांत आणणारा तो हाच. मॅरियनचा सहकारी पीटर हॉरी यानें आपलीं टिपणें विश्वासानें त्याच्या स्वाधीन केलीं होतीं. छापील पुस्तक पाहून हॉरी संतापला. हा माझा इतिहास नव्हे, तुमची अद्भुत कथा आहे, अशी त्याची तक्रार होती. पण ग्रंथकर्ता म्हणून त्याचें नांव चिकटलें तें चिकटलेंच.

आमच्या मतें वीम्सचा खरा अपराध अतिशयोक्ति हा नव्हे. आमच्या बखरकारांनीं ती थोडी का केली आहे? त्यानें नायकाच्या भोंवतालचीं माणसें पुसून टाकलीं, हा त्याचा अपराध होय. मॅरियन लांबलचक भाषणें करतो आणि बाकीचे ऐकतात! याच्या उलट विल्यम जेम्स याचें १८२१ चें चरित्र. तें रुक्ष आहे, रचनाही विस्कळीत आहे. परंतु जेम्स पंधराव्या वर्षीं स्वतः त्या पथकांत होता, आणि त्यानें त्या काळचीं पत्रें शेवटीं छापलीं आहेत. त्यांवरून कळतें कीं, ज्यांना पगार नाहीं, जे शेतीच्या कामासाठीं मधेंच घरीं जातात, आणि ज्यांच्या समोर शत्रु म्हणून पुष्कळदां शेजारचाच राजनिष्ठ शेतकरी उभा असतो, अशांना धरून ठेवणें हें या पुढाऱ्याचें खरें कसब होतें. दलदल त्यामानानें सोपी!

वीम्सनें घरोघर नेलेली एक गोष्ट अशी: कैद्यांच्या अदलाबदलीसाठीं आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यास मॅरियननें भाजलेल्या रताळ्यांचें जेवण दिलें, आणि तो या साधेपणानें दिपून गेला. जॉन ब्लेक व्हाइट यानें हा प्रसंग रंगविला. १८९९ पासून तें चित्र अमेरिकन सेनेटच्या संग्रहीं आहे. त्यांत रताळ्यांपाशीं एक कृष्णवर्णीय माणूस आहे. स्वातंत्र्यासाठीं कंद खाणाऱ्यांचे हे कंद भाजणारा मनुष्य गुलाम होता. मॅरियन स्वतः गुलाम बाळगणारा मळेवाला होता, ही गोष्ट त्याच्या भक्तांना अडचणीची वाटते. चित्रांतील त्या माणसाची ऑस्कर मॅरियन या नांवानें दखल घेऊन वॉशिंग्टन येथें त्याचा समारंभपूर्वक गौरव झाला तो २००६ च्या डिसेंबरांत. मॅरियनवर अंशतः बेतलेल्या ‘द पेट्रियट’ या २००० सालच्या चित्रपटांत तर नायकाच्या मळ्यावरचे मजूर स्वतंत्र आहेत असें दाखविलें आहे. वीम्सला हें निःसंशय आवडलें असतें.

या पुढाऱ्याची खरी ओळख ज्यास हवी, त्यानें जेम्सचें पुस्तक त्यांतील कंटाळवाण्या पत्रांसकट वाचावें. आणि व्हाइटचें चित्र पाहतांना गणवेषांवरची नजर काढून ती थोडी रताळ्यांकडे न्यावी.