केस: चिन्ह आणि निगा

चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘अमेरिकाना’ (2013) या कादंबरीतील केसांकडे केवळ वांशिक अस्मितेचे चिन्ह म्हणून पाहणारी समीक्षा संहितेचा अर्धाच भाग वाचते. नोकरीच्या मुलाखतीसाठी रसायनाने केस सरळ करताना इफेमेलूची टाळू भाजते; पुढे केस कापून टाकल्यावर नैसर्गिक केसांची निगा ती इतर कृष्णवर्णीय स्त्रियांकडून शिकते. ट्रेंटनच्या दुकानात वेण्या घालणारी आयशा असे केस विंचरणे कठीण मानते, तेव्हा इफेमेलू स्वतःच्या कंगव्याने ते विंचरून दाखवते. चिन्ह मिरवता येते. निगा शिकावी लागते. मात्र शिकवणारी येथे ग्राहक आहे, ऐकणारी स्थलांतरित कामगार. मुक्तीच्या या पाठातील वर्गीय अंतर कादंबरी झाकत नाही. समीक्षेनेही ते झाकू नये.